आधी बंद दुकानांची यादी दाखवा

खेळण्यांच्या दुकानाची फ्रँचायझी देऊ करणारी जाहिरात एकदा लक्ष देऊन वाचा. तिच्यात खेळण्यांबद्दल एक ओळ नसते, मुलांबद्दल तर अवाक्षर नसतं. वाढती बाजारपेठ, यशस्वी ठरलेलं मॉडेल, संपूर्ण मार्गदर्शन, अमुक महिन्यांत गुंतवणूक वसूल. खाली मोबाइल क्रमांक आणि ठळक टायपात ‘मोजकीच शहरं शिल्लक’.

खेळण्यांच्या धंद्यात मुरलेला माणूस ही जाहिरात वाचून पान उलटतो, कारण ती त्याच्यासाठी नसतेच. ती असते पीएफ आणि ग्रॅच्युइटी नुकतीच खात्यात जमा झालेल्या माणसासाठी. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यासाठी. गावाकडची जमीन विकून आलेला पैसा ‘कुठेतरी लावायचाय’ म्हणणाऱ्यासाठी. नोकरीला वैतागून ‘स्वतःचं काहीतरी’ करू पाहणाऱ्या तिशीतल्या जोडप्यासाठी. थोडक्यात, ज्याच्याकडे पैसा आहे आणि धंद्याचा अनुभव नाही, त्याच्यासाठी.

यात गैर काही नाही. फ्रँचायझीची मूळ बोलीच ती आहे: अनुभव आमचा, भांडवल तुमचं. गैर पुढेच आहे. भांडवल किती, कधी आणि कोणत्या हप्त्याने द्यायचं, हे करारात पै-पैचा हिशेब मांडून लिहिलेलं असतं. अनुभव किती मिळणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

*

ओळखीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे आलेला असा एक करार मला वाचायला दिला. कंपनीचं नाव बाजूला ठेवू. कलमं पाहू.

फ्रँचायझी फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. तिच्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. अनामत रकमेवर व्याज नाही. माल फक्त कंपनीकडूनच घ्यायचा; कोणता आणि किती, हे कंपनी ठरवणार. पहिला माल आगाऊ पैसे भरून. न खपलेला माल परत घ्यायचा की नाही, ही कंपनीची मर्जी. रॉयल्टी विक्रीवर द्यायची, म्हणजे महिना तोट्यात गेला तरी द्यायचीच. सेल कधी लावायचा हे कंपनी ठरवणार, सवलतीतला वाटा दुकानदाराने सोसायचा. त्याच गावात स्वतःच्या वेबसाइटवरून माल विकायचा हक्क कंपनीकडे राखीव. दुकानदाराला तीन वर्षं बाहेर पडता येणार नाही. कंपनीला 30 दिवसांची नोटीस पुरे. वाद झाला तर लवाद, आणि लवाद बसणार दिल्लीत.

शेवटच्या पानावर, सहीच्या जागेच्या जरा वर, आणखी एक कलम होतं. विक्री किंवा नफा याबद्दल कंपनीने आपल्याला कोणतंही आश्वासन दिलेलं नाही, हे दुकानदार मान्य करतो. जाहिरातीत मोठ्या टायपात दिलेलं वचन करारात बारीक टायपात परत घेतलं होतं, आणि तेही दुकानदाराच्याच सहीने.

या गृहस्थांनी नोकरीभर दुसऱ्यांच्या कर्जाचे अर्ज तपासले. तीन वर्षांचे ताळेबंद असल्याशिवाय फाइल पुढे सरकू दिली नाही. आयुष्यभराची पुंजी लावायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी त्या कंपनीच्या एकाही चालू दुकानाचा ताळेबंद मागितला नव्हता. मागितला असता तरी मिळाला असता याची खात्री नाही, कारण तो द्यायलाच हवा असं सांगणारा कायदा आपल्या देशात नाही. आजचं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

*

आधी हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावचे घाला आणि स्वतः करून पाहा.

समजा दुकानाचं भाडं महिना 90 हजार. तीन मुलं कामाला, त्यांचे 50 हजार. वीज आणि किरकोळ खर्च 20 हजार. दुकान उभारायला 30 लाख कर्ज घेतलं, 12 टक्क्यांनी नुसतं व्याज महिना 30 हजार. झाले 1 लाख 90 हजार. मालावर 30 टक्के सुटतात असं धरा, त्यातून 5 टक्के रॉयल्टी गेली, हातात 25 टक्के. म्हणजे खर्च भागायलाच महिन्याला 7 लाख 60 हजारांची विक्री हवी. सरासरी बिल 600 रुपयांचं धरलं तर रोज 42 बिलं. रविवारीही 42 आणि जूनमधल्या पावसाळी मंगळवारीही 42.

यात मालकाचा पगार शून्य धरलाय. बारा-बारा तास गल्ल्यावर बसणाऱ्याने फुकट का बसावं? 40 हजार त्याचे धरा. दुकानाची सजावट, कपाटं, दिवे, पाटी यांना 15 लाख लागले असतील तर पाच वर्षांत त्यांची किंमत संपते. महिना 25 हजार तेही धरा. खर्च झाला 2 लाख 55 हजार. आता विक्री हवी 10 लाख 20 हजारांची आणि बिलं रोज 57.

मुलं शाळेतून, शिकवणीतून सुटून दुकानात येतात संध्याकाळी पाचनंतर. पाच ते नऊ या चार तासांत 57 बिलं म्हणजे दर सव्वाचार मिनिटांना एक. तुमच्या चौकातल्या कुठल्याही खेळण्यांच्या दुकानासमोर एका साध्या बुधवारी चार तास उभे राहा आणि पिशवी घेऊन बाहेर पडणारी माणसं मोजा. फ्रँचायझी प्रदर्शनातल्या चकचकीत स्लाइडपेक्षा ही मोजणी जास्त खरं बोलेल.

आणखी एक खड्डा आहे, तो बहुतेकांना पहिलं वर्ष संपल्यावर दिसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून साध्या खेळण्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम झालं. पण दुकानाच्या भाड्यावरचा, रॉयल्टीवरचा आणि फ्रँचायझी फीवरचा जीएसटी 18 टक्केच राहिला. वरच्याच उदाहरणात विक्रीवर जमा होणारा कर 51 हजार. मालावर आधीच भरलेला सुमारे 35,700, जीएसटी लावणाऱ्या जागामालकाच्या भाड्यावरचा 16,200, रॉयल्टीवरचा सुमारे 9,200. बेरीज 61 हजारांच्या वर. म्हणजे दरमहा दहा हजार रुपये नुसते खात्यावर ‘क्रेडिट’ म्हणून साचत राहतात. सेवांवर भरलेल्या कराचं असं साचलेलं क्रेडिट परत मिळत नाही. व्हीकेसी फूटस्टेप्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तो नियम कायम ठेवला. स्वतंत्र दुकानदारालाही हा भाड्याचा भार आहेच. फ्रँचायझीवाल्यावर रॉयल्टीचा आणि फीचा भार त्यावर चढतो. हे गणित कुठल्या माहितीपत्रकात दिलेलं असतं?

*

‘किराणा चालतो, औषधं चालतात, तसं हेही चालेल’ असं म्हणणाऱ्याने थोडं थांबावं. साखर संपते, माणूस पुन्हा येतो. खेळणं संपत नाही. ते पलंगाखाली जातं आणि तिथेच राहतं.

पुण्यात 2010 साली सुरू झालेल्या आणि ऑगस्ट 2024 मध्ये शेअर बाजारात नोंदल्या गेलेल्या फर्स्टक्रायचा पसारा पाहा. तिथे खेळण्यांसोबत डायपर आहेत, दुधाच्या बाटल्या आहेत, तीन महिन्यांत तोकडे होणारे कपडे आहेत. डायपरसाठी आलेली आई जाता जाता खुळखुळा घेते. डायपर तिला पुन्हा दुकानात आणतो, खेळण्यात ती ताकद नाही. नुसत्या खेळण्यांच्या दुकानाला गिऱ्हाईक पुन्हा आणणारी वस्तूच नसते. त्याला वाढदिवस लागतात, दिवाळी लागते, मे महिन्याची सुट्टी लागते. भाडं मात्र बाराही महिन्यांचं.

वाढदिवसाचाच आधार होता, तोही आता पातळ झाला आहे. संध्याकाळी सहाला पार्टी आणि साडेपाचला आठवलं की भेटवस्तू राहिली, हे गिऱ्हाईक खेळण्यांच्या दुकानाचं हक्काचं. आता मोठ्या शहरांत ते दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या ॲपकडे वळतं. करारात कंपनीने स्वतःच्या ऑनलाइन विक्रीचा हक्क राखून ठेवलेला असेल, तर तुमचं गिऱ्हाईक नेणाऱ्यांत ज्याला तुम्ही रॉयल्टी देता तोही असतो.

आणि फॅशन. 2017 साली फिजेट स्पिनरने मुलांना वेड लावलं होतं. काही महिन्यांत वेड ओसरलं आणि दुकानोदुकानी त्यांचे ढीग उरले. मग रबरी पॉप-इट आले, त्यांचीही तीच गत. ज्याने आपल्या अंदाजाने वीस नग उचलले त्याचं फार बिघडलं नाही. ज्याच्या दुकानात वरून ठरून दोनशे आले, त्याचं भांडवल कपाटावर धूळ खात बसलं. कोणता माल किती घ्यायचा, हा खेळण्यांच्या धंद्याचा प्राण आहे, आणि करारावर सही करताना दुकानदार नेमका तोच कंपनीच्या हाती देतो.

मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत खरेदीला येणारा जुना खेळणीवाला पाहा. खोकं फोडायला लावतो. खिशातल्या बॅटऱ्या घालून गाडी चालवून बघतो. चाक हाताने फिरवतो, बाहुलीचा हात ओढून बघतो, आणि ‘याचे सहाच द्या, पुढच्या फेरीला बघू’ म्हणतो. त्या ‘सहाच’मध्ये त्याचं सगळं शिक्षण आहे. त्याच्या गावातली शाळा कधी सुरू होते, यात्रा कधी भरते, कुठल्या वस्तीत किती रुपयांपर्यंतचं खेळणं उचललं जातं, हे त्याला तोंडपाठ असतं. फ्रँचायझी देणाऱ्याने खरं तर हे शिकवायला हवं. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात बिलिंग मशीन शिकवलं जातं आणि गणवेशाचा रंग सांगितला जातो.

*

‘पण नाव मोठं आहे ना!’ हा पुढचा युक्तिवाद. मोठ्या नावांचा इतिहास बघूया.

हॅम्लेज हे खेळण्यांच्या दुकानदारीतलं जगातलं सर्वांत जुनं मोठं नाव. लंडनमध्ये विल्यम हॅम्लेने 1760 साली दुकान काढलं. हे नाव 2012 मध्ये फ्रान्सच्या लुडेंडो समूहाकडे गेलं, 2015 मध्ये सी. बॅनर या चिनी कंपनीकडे, आणि 2019 मध्ये रिलायन्सने ते सुमारे 6 कोटी 80 लाख पौंडांना विकत घेतलं. सात वर्षांत तीन नवे मालक. पाटीवरचं नाव तेच राहतं, पण मागचा मालक बदलला की मालाचं धोरण बदलू शकतं, मार्जिन बदलू शकतं, कुठल्या शहरात राहायचं हेही बदलू शकतं. म्हणून कुठल्याही ब्रँडच्या करारात एक गोष्ट शोधा: कंपनी विकली गेली तर माझ्या दुकानाचं काय? बहुतेक करारांत कंपनीला आपले हक्क दुसऱ्याकडे सोपवायची मुभा असते आणि दुकानदाराला आपलं दुकान विकायचं तरी परवानगी लागते.

टॉइज आर अस हे दुसरं नाव. चार्ल्स लॅझरसने उभं केलेलं हे साम्राज्य एकेकाळी अमेरिकेतल्या खेळण्यांच्या बाजारावर राज्य करत होतं. 2005 मध्ये गुंतवणूकदार कंपन्यांनी ते सुमारे 6.6 अब्ज डॉलरला घेतलं, तेही मुख्यतः कर्ज काढून, आणि कर्जाचा बोजा दुकानांच्याच डोक्यावर ठेवला. वर्षाला सुमारे 40 कोटी डॉलर नुसत्या व्याजात जाऊ लागले. दुकानं सुधारायला पैसा उरला नाही. सप्टेंबर 2017 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला, 2018 मध्ये अमेरिकेतली सातशेहून अधिक दुकानं बंद झाली आणि सुमारे 33 हजार माणसांची नोकरी गेली. मुलांचं खेळणं थांबलं नव्हतं. मालकांच्या ताळेबंदाने दुकानं खाल्ली.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. फ्रँचायझी घेणारा माणूस नुसतं नाव विकत घेत नाही, त्या नावामागच्या कंपनीचं कर्ज, भांडणं आणि निर्णय यांच्याशी आपलं नशीब बांधतो. म्हणून त्या कंपनीचा ताळेबंद बघणं हा त्याचा हक्क असायला हवा.

*

मालाच्या जबाबदारीचंही तसंच आहे. 1 जानेवारी 2021 पासून भारतात 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) प्रमाणपत्र आणि आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हा नियम गरजेचा होता आणि उत्तम आहे. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने 2019 मध्ये आयात खेळणी तपासली तेव्हा सुमारे दोनतृतीयांश नापास झाली होती. तान्ही मुलं जे तोंडात घालतात, त्यात शिसं आणि घातक रसायनं असता कामा नयेत. याबाबत सवलत नको.

पण नियम मोडला तर दंड कोणाला? बीआयएस कायदा 2016 प्रमाणे असा माल बनवणाऱ्याइतकाच तो विकणारा, साठवणारा आणि दुकानात मांडणाराही दोषी. पहिल्या गुन्ह्याला किमान 2 लाख रुपये दंड, पुढच्याला किमान 5 लाख, शिवाय दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. जानेवारी 2023 मध्ये बीआयएसने देशभरातल्या नावाजलेल्या दुकानांवर आणि मॉल, विमानतळांतल्या काउंटरवर छापे टाकून सुमारे 18,600 खेळणी जप्त केल्याचं सांगितलं. म्हणजे चकचकीत पाटी ही सुरक्षिततेची हमी नव्हती.

आता करारातलं कलम आठवा: माल कंपनी ठरवणार, दुकानदाराने बाहेरून घ्यायचा नाही. माल निवडण्याचा अधिकार त्यांचा आणि जप्ती आली तर पंचनाम्यावर सही तुमची. ही वाटणी मान्य करू नये. कंपनीने पाठवलेल्या मालाबद्दल दंड झाला तर तो कंपनी भरेल, असं स्पष्ट कलम हवंच. आणि करार काहीही म्हणो, खोकं उघडताच आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासायची सवय दुकानदाराने लावून घ्यावी. त्याला दोन मिनिटं लागतात.

*

बाहेरच्या देशांत काय आहे? अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा फ्रँचायझी नियम 1979 पासून लागू आहे. फ्रँचायझी विकणाऱ्याने 23 मुद्द्यांचं माहितीपत्रक सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी द्यायचं. त्यात कंपनीवरचे खटले येतात, एकूण खर्चाचा तक्ता येतो, कंपनीचा तपासलेला ताळेबंद येतो. गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद पडली, किती हस्तांतरित झाली याची कोष्टकं येतात. सध्याच्या आणि नुकत्याच सोडून गेलेल्या दुकानदारांचे संपर्कही येतात. कमाईबद्दल काही सांगायचं असेल तर त्याला आधार द्यावा लागतो आणि तो आधार त्याच पत्रकात लिहावा लागतो.

चीनमध्ये 2007 पासून नियम आहे की फ्रँचायझी द्यायची तर आधी स्वतःची किमान दोन दुकानं वर्षभराहून जास्त काळ चालवलेली असली पाहिजेत. माहितीही 30 दिवस आधी लेखी द्यायची. म्हणजे स्वतः एक दुकान धड न चालवता शंभर दुकानं विकायला निघालेल्याला तिथे दारातच अडवलं जातं. मलेशियात 1998 चा स्वतंत्र फ्रँचायझी कायदा आहे.

आपल्याकडे आहे 1872 चा करार कायदा. तो म्हणतो, दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने सही केली ना, मग निभवा. एका बाजूला वकिलांची फौज आणि शंभर दुकानांची आकडेवारी, दुसऱ्या बाजूला पीएफचा चेक आणि एक माहितीपुस्तिका. यांना समान ताकदीचे पक्ष धरणं हाच मुळात अन्याय आहे. फसवून सही घेतली म्हणून दाद मागता येते, पण आपल्याला सांगितलं गेलं नाही ते काय होतं, हे दुकानदारानेच शोधून सिद्ध करायचं. ग्राहक आयोगात गेलं तर ‘हा तर व्यापारी व्यवहार’ असा आक्षेप पहिल्याच तारखेला येतो. स्वयंरोजगारासाठी घेतलं होतं हे पटवून देण्यात वर्षं जातात.

तरी त्या जुन्या कायद्यातलं एक कलम दुकानदाराच्या बाजूचं आहे आणि ते प्रत्येकाला माहीत असावं. करार संपल्यावर अमुक वर्षं खेळण्यांचा धंदा करणार नाही, अशी अट बऱ्याच ठिकाणी घातली जाते. कलम 27 प्रमाणे वैध धंदा करण्यापासून रोखणारी अशी अट टिकत नाही. करार चालू असताना मात्र बंधन चालतं. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आहे. म्हणजे करार संपला की त्याच गावात स्वतःच्या नावाची पाटी लावायची भीती बाळगू नका.

*

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर चेक देण्याआधी काय मागायचं, ते लिहून ठेवा.

गेल्या तीन वर्षांत बंद पडलेल्या दुकानांची यादी, मालकांच्या फोनसह. चालू दुकानं कंपनी स्वतःच दाखवते आणि त्यातली निवडकच दाखवते. खरी माहिती बंद दुकानवाल्याकडे असते. आपल्याच आकाराच्या गावातल्या दोन दुकानांची महिनावार विक्री, दिवाळीसकट आणि जुलैसकट. न खपलेला माल किती टक्क्यांपर्यंत आणि किती दिवसांत परत घेणार, याचं लेखी कलम. आपल्या पिनकोडवर कंपनीने ऑनलाइन विकलं तर त्यातला वाटा. सेलच्या सवलतीत कंपनीचा हिस्सा. बाहेर पडायची मुदत दोघांना सारखी. लवाद आपल्या जिल्ह्यात. मालाच्या प्रमाणपत्राची आणि दंडाची जबाबदारी कंपनीची. या आठांपैकी कशालाही ‘ही आमची पॉलिसी नाही’ असं उत्तर आलं, तर तुमचे पैसे देणं ही तुमचीही पॉलिसी नसावी.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. ‘भिशीतल्या अमक्यांच्या जावयाने घेतलीय, छान चालतंय’ ही माहिती नव्हे. जावई पहिल्या वर्षात असेल, तर त्याला स्वतःलाही अजून काही कळलेलं नसतं.

आणि ज्यांना खरोखर खेळण्यांचं दुकान काढायचंय, त्यांना मी थांबवणार नाही. उलट म्हणेन, जरूर काढा. वेळ चांगली आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. आयात झपाट्याने घटली, देशातले कारखाने वाढले. फनस्कूलची खेळणी गोव्यात बनतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, भोवरे आजही बनतात, आणि नोंदणीकृत हस्तकारागिरांना बीआयएस प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूटही आहे. पुण्याच्या तुळशीबागेत पितळी भातुकली मिळते. हा माल आणून विकायला कोणाच्या नावाची परवानगी लागत नाही. तीनशे चौरस फुटांचं दुकान, स्वतः निवडलेला माल, दर पंधरवड्याला थोडी थोडी खरेदी, आणि मुलाच्या हातात खेळणं देऊन त्याचा चेहरा वाचायची तयारी, एवढ्यावर सुरुवात होते. चुका होतीलच, पण त्या सहा नगांच्या होतील. त्या चुकांमधून जे शिकाल ते तुमचं राहील, कराराची मुदत संपल्यावर कंपनीकडे परत जाणार नाही.

मोठी साखळी नकोच, असंही नाही. चांगल्या साखळीकडे खरेदीची ताकद असते, तपासलेला माल असतो, मांडणीची शिस्त असते. अशी कंपनी आकडे दाखवायला कचरणार नाही. माहिती उघड करण्याची सक्ती झाली तर त्रास होईल तो दुकानं चालवण्यापेक्षा फ्रँचायझी फी गोळा करण्यावर जगणाऱ्यांना. चांगल्या कंपन्यांनी तर अशा कायद्याची मागणी स्वतःहून करावी. त्यांच्या नावाचं मोल त्यानेच वाढेल.

खासदारांना आणि वाणिज्य मंत्रालयाला एकच सांगायचंय. पन्नास रुपयांचा खुळखुळा विकायचा तर तुम्ही त्याची प्रयोगशाळेत तपासणी करायला लावता, त्यावर चिन्ह आणि क्रमांक छापायला लावता, आणि ते बरोबर करता. मग तेच खुळखुळे विकायचं तीस लाखांचं दुकान एखाद्याच्या गळ्यात घालायचं, तर त्या कराराची कुठेच तपासणी का नाही? माहितीपत्रक 30 दिवस आधी, स्वतःची दोन दुकानं वर्षभर चालवल्याचा पुरावा, बंद दुकानांची यादी आणि कमाईच्या प्रत्येक दाव्याला लेखी आधार. चार कलमांचा कायदा पुरे आहे. येत्या अधिवेशनात तो मांडा.